किहीमच्या गुलाबांची छाटणी : कात्रीपासून कळीपर्यंतचा खर्च

वीस गुलाबांच्या छाटणीसाठी गेल्या हंगामात मला चार जणांनी चार दर सांगितले. पहिला म्हणाला, दिवसाची मजुरी सातशे रुपये. दुसऱ्याने झाडामागे चाळीस रुपये सांगितले, म्हणजे आठशे. तिसऱ्याने खत-औषधासकट आणि दुसऱ्या फेरीसकट अडीच हजार मागितले. चौथा दर साडेचार हजारांचा होता आणि तो छापील कागदावर आला. झाडं तीच, वाडी तीच, हंगामही तोच. मग एवढा फरक कशाचा, हे शोधताना जे हाती आलं ते इथे मांडतो आहे. किहीम, आवास, सासवणे, झिराड, थळ या पट्ट्यात ज्यांच्या अंगणात पाच-पंचवीस गुलाब आहेत, त्यांना त्याचा उपयोग व्हावा. आकडे माझ्या हिशेबाच्या वहीतले आहेत. तुमच्या दुकानात आणि तुमच्या माळ्याकडे ते थोडे वर-खाली होतील.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गुलाब कापायला फार पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते कापल्यानंतरच्या पन्नास दिवसांना. छाटलेलं झाड म्हणजे उघड्या जखमा घेऊन उभं असलेलं झाड. त्याला लेप लागतो, खत लागतं, वेळेवर पाणी लागतं आणि कुणाची तरी रोजची नजर लागते. नुसत्या कापण्याचा भाव विचारून जो स्वस्त वाटेल तो माणूस ठरवणं, इथेच बहुतेकांचा तोटा होतो. माझाही झाला होता.

काही वर्षांपूर्वी मी बागेची कामं घेणाऱ्या काही मंडळींना वाडी साफ करायला सांगितलं. महिना ऑगस्टचा होता. त्यांनी मेंदीचं कुंपण ज्या मोठ्या कात्रीने कापतात त्याच कात्रीने सगळे गुलाब एका उंचीवर सपाट करून टाकले. संध्याकाळी वाडी नीटनेटकी दिसत होती. पुढचे पंधरा दिवस पाऊस थांबला नाही. चेचलेल्या टोकांतून पाणी आत शिरलं, फांद्या वरून खाली काळ्या पडत गेल्या आणि गणपती उठेपर्यंत वीसपैकी सात झाडं गेली. एका कलमाचे दीडशे धरले तरी हजार-पन्नास रुपये नुसत्या रोपांचे, खड्डे आणि खत वेगळं, आणि नव्या झाडाला अंग धरायला लागलं ते वर्ष तर कशानेच भरून आलं नाही.

फांदी अशी टोकाकडून काळी पडत खाली उतरते, त्याला माळी ‘मर’ म्हणतात आणि दुकानदार ‘डायबॅक’ म्हणतात. हा बुरशीचा रोग आहे आणि त्याचा शिरकाव बहुधा कापलेल्या टोकातूनच होतो. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळतो. पुण्या-नाशिकची छाटणीची वेळापत्रकं म्हणून इथे जशीच्या तशी चालत नाहीत. तिकडे जूनमध्येही एक छाटणी घेतात. किहीमला जूनमध्ये मी फक्त वाळलेलं लाकूड आणि आत आत शिरलेल्या काड्या काढतो, झाडाच्या पोटात वारा खेळेल एवढंच. खरी छाटणी पाऊस गेल्यावर.

पाऊस गेला हे कसं ठरवायचं? हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे. आपल्याकडचे जुने वाडीवाले नक्षत्रावर जातात. हस्ताचा, म्हणजे हत्तीचा पाऊस सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि 10 ऑक्टोबरच्या सुमारास संपतो. हत्ती गेला, चार दिवस कोरडं ऊन पडलं, पायाखालची माती मोकळी झाली, की कात्री हातात घ्यायला हरकत नाही. साधारण 12 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर हा इथला छाटणीचा काळ.

या महिनाभरात नेमका कोणता दिवस धरायचा, हे तुम्हाला फुलं कधी हवीत त्यावर आहे. हायब्रिड टी जातीचा गुलाब छाटल्यापासून साधारण 45 ते 50 दिवसांनी फुलतो. किहीममधली निम्मी घरं शनिवार-रविवारी उघडतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरतात. ज्यांना 25 डिसेंबरला अंगण फुललेलं हवं, त्यांनी 5 ते 10 नोव्हेंबरला छाटावं. जे बारा महिने इथेच राहतात त्यांनी घाई करावी, ऑक्टोबरच्या मध्यात छाटावं. म्हणजे नोव्हेंबरअखेर पहिला बहर येतो आणि जानेवारीत दुसरा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या शेवटी असतं, राणीच्या बागेतलं मुंबई महापालिकेचं प्रदर्शन साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला. पुढच्या वर्षासाठी जाती निवडायच्या असतील तर कॅटलॉगमधल्या फोटोंपेक्षा ही प्रदर्शनं पाहणं केव्हाही बरं. तिथे फूल समोर दिसतं, आणि ज्याने ते वाढवलं तो शेजारी उभा असतो.

अवजारं

छाटणीचं मुख्य हत्यार म्हणजे हाताची कात्री. माळी तिला सिकेटर म्हणतात. ती दीडशे रुपयांपासून मिळते आणि परदेशी बनावटीची चार-पाच हजारांपर्यंतही जाते. मी सहाशेची घेतली. तिला सहा वर्षं झाली आणि अजून ती बोटाएवढी फांदी एका दाबात कापते. घेताना पाती पाहा. एक पातं दुसऱ्याच्या कडेने सरकत जातं ती कात्री घ्या. ज्या कात्रीत वरचं पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन आपटतं, ती वाळलेल्या लाकडाला ठीक. हिरवी फांदी तिच्यात चेचते. दुकानात उभ्याउभ्या वहीचा कागद कापून बघा. कडा फाटली तर कात्री परत ठेवा. स्प्रिंग सुटी मिळते का तेही विचारा, कारण आपल्या खाऱ्या हवेत आधी गंजते ती स्प्रिंग. काम झाल्यावर पाती पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तर गंजाला बराच आळा बसतो.

अंगठ्याहून जाड झालेल्या जुन्या खोडांसाठी छोटी घडीची करवत लागते, ती साडेतीनशेला आली. चामड्याचे हातमोजे अडीचशेला. हे तीन मिळून बाराशे. मोज्यांवर पैसे वाचवू नका. गुलाबाच्या काट्यातून धनुर्वाताचे जंतू शरीरात जाऊ शकतात, आणि त्वचेखाली गाठी आणणारी एक बुरशीही जाऊ शकते. काटा खोल रुतला आणि धनुर्वाताची सुई घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना लगेच दाखवा. मजूर लावला असेल तर त्यालाही मोजे द्या, तो ‘सवय आहे’ म्हणाला तरी.

स्पिरिटची छोटी बाटली घरात असतेच. प्रत्येक झाडानंतर पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. एका झाडाची मर दुसऱ्यात नेण्याचं काम माझ्या त्या ऑगस्टात कात्रीनेही केलं असणार.

माणूस

गुलाब छाटणाऱ्याला पैसे देण्याच्या तीन पद्धती इथे दिसतात : दिवसावर, झाडावर आणि महिन्यावर.

झाडावर देऊ नये असं माझं मत आहे. दुर्लक्षित राहिलेलं एक झुडूप नीट छाटायला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. त्यातला निम्मा वेळ बघण्यात जातो : कोणती काडी जुनी, कोणती एकमेकींवर घासते, कोणता डोळा बाहेर तोंड करून आहे. झाडामागे चाळीस रुपये ठरले की हे बघणं थांबतं आणि वीस झाडं तासाभरात उरकतात. दिवसाच्या मजुरीत माणूस निवांत असतो. वीस झाडं सकाळी आठला धरली तर जेवणाआधी होतात, दुपारचा वेळ बाकीच्या कामांना उरतो. माझ्याकडे दिवसाचे सातशे आणि दोन वेळचा चहा ठरला होता.

इथे एक मनाला लागणारी गोष्ट लिहायलाच हवी. माझ्या वाडीत आजवर सर्वांत चांगली छाटणी जिने केली ती शेजारच्या पाड्यावरची एक बाई. भाजीचे मळे आणि फुलझाडं करून तिचा हात बसलेला. तिने स्वतःहून सांगितलेली मजुरी साडेचारशे होती, कारण बाईमाणसाचा दर तेवढाच, अशी तिची आणि सगळ्यांचीच समजूत. त्याच कामाचे गड्याला सातशे द्यायचे आणि हिला साडेचारशे, हे मला पटलं नाही. मी सातशे दिले आणि आता दरवर्षी तीच येते. पहिल्या दिवशी मी एक फांदी आतल्या डोळ्यावर कापली तेव्हा तिने हात धरला : “काका, हा आत बघतोय. याला वाढवलात तर झाडाचं पोट भरल. बाहेर बघणारा धरा.” छाटणीचं अर्धं शास्त्र या दोन वाक्यांत आहे, आणि कामाला लावण्याआधी माणसाला ते येतं का हे याच प्रश्नाने कळतं. कोणत्या डोळ्यावर कापणार, असं विचारा. नीट उत्तर आलं नाही तर त्याला खत घालायला ठेवा आणि कात्री स्वतः धरा.

महिन्यावर माळी ठेवलेल्यांनी गृहीत धरू नये की छाटणी त्यात आलीच. आठवड्यातून दोनदा येऊन पाणी घालणं आणि झाडलोट करणं एवढंच बऱ्याचदा ठरलेलं असतं. छाटणी, खत भरणं आणि फवारणी हे वेगळं बोलून घ्या, आणि औषधाचे पैसे कुणाचे तेही. बागकामाच्या संस्थेकडून काम घेणार असाल तर कागदावर चार गोष्टी मागा : किती फेऱ्या, खत कोणतं आणि झाडामागे किती, औषधांची नावं, आणि काटेरी कचरा कोण उचलणार. मला आलेल्या साडेचार हजारांच्या कागदावर फक्त ‘प्रूनिंग अँड फीडिंग’ एवढंच होतं. हे चार प्रश्न विचारल्यावर उत्तर आलं की फेरी एकच आणि कचरा माझा. अडीच हजारवाल्याने तोंडीच सांगितलं, पण सगळं सांगितलं : छाटणी, लेप, खत, आणि पंधरा दिवसांनी येऊन फुटवे विरळ करून फवारणी. माझ्या हिशेबाने त्यात सामानच दीड हजारांचं होतं. तो भाव रास्त होता.

कचऱ्याचं हसण्यावारी नेऊ नका. वीस झुडपांच्या फांद्यांचा कंबरेएवढा ढीग होतो. तो रस्त्याकडेला टाकला तर काटे गुरांच्या तोंडात आणि पोरांच्या पायात जातात. निरोगी काड्या मी कुंपणाच्या वईत खोचतो, त्याने कुत्री आत येत नाहीत. काळे डाग पडलेली पानं मात्र खतखड्ड्यात घालू नका. तोच रोग पुढच्या वर्षी खतातून परत येतो. ती खोल पुरावी.

कापताना

कात्री लावण्याआधी झुडपात डोकावून पाहा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मनोलीचं एखादं गवताचं घरटं दाट गुलाबात अजून राहतं असू शकतं, पिल्लांसकट. तसं असलं तर ते एक झुडूप तीन आठवडे तसंच ठेवा. फूल उशिरा येईल एवढंच. सलीम अलींनी 1930 साली सुगरणीच्या घरट्यांचा आपला प्रसिद्ध अभ्यास याच किहीममध्ये केला. पाखराचं घर कात्रीपुढे येऊ न देण्याची रीत निदान या गावाने तरी जपावी असं मला मनापासून वाटतं.

क्रम असा ठेवा. आधी मेलेलं लाकूड, अगदी हिरवा भाग लागेपर्यंत. फांदीच्या कापलेल्या तोंडात मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली कापा. पांढरट, ओलं दिसेपर्यंत. मग कलमाच्या गाठीखालून आलेले फुटवे. गुलाबाचं कलम रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेलं असतं. गाठीखालून जे येतं ते त्या खुंटाचं, तुमच्या जातीचं नव्हे. ठेवलं तर दोन वर्षांत तेच झाड होऊन बसतं आणि लोक म्हणतात, गुलाबाने रंग बदलला. हे फुटवे माती उकरून मुळाशी ओढून काढायचे, वरवर कापले तर दुप्पट येतात.

आता उरलेल्यांतल्या चार-पाच तरुण, जाड काड्या ठेवायच्या, चारही बाजूंना पसरलेल्या. त्या जमिनीपासून गुडघ्याच्या थोडं वर कापायच्या. काप बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर आणि तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे दवाचं पाणी डोळ्यावर साचत नाही. थंड देशांतल्या पुस्तकांत वीतभर ठेवून सगळं कापायला सांगतात. आपल्या दमट, उष्ण किनाऱ्यावर एवढी खोल छाटणी झाडाला झेपत नाही. निम्मं कापलं तरी पुरे.

फ्लोरिबंडाला याहून हलका हात. मिनिएचरला नुसती हजामत. वेलीच्या गुलाबाची मुख्य खोडं कापायचीच नाहीत, ती आडवी बांधायची आणि बाजूच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या. पहिल्या वर्षाचं कलम कोणतंही असो, त्याचं फक्त वाळलेलं काढा. गावठी गुलाबाच्या काड्या टाकू नका : पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या तिरक्या कापून सावलीत ओल्या वाळूत खोचल्या तर त्यांतल्या बऱ्याच धरतात. शेजाऱ्याला देण्याजोगी रोपं फुकटात होतात. हायब्रिड टीच्या काड्या अशा सहज धरत नाहीत, धरल्या तरी झाड कमजोर राहतं.

जुनी माणसं छाटणीआधी झाडाला ताण देतात. पाणी तोडून मुळ्या आठवडाभर उघड्या ठेवतात. देशावरच्या काळ्या, भारी जमिनीत त्याला अर्थ आहे. किहीमच्या पुळणवट जमिनीत पाणी मुळात दोन दिवस टिकत नाही. इथे मुळ्या उघड्या करणं म्हणजे झाड मारणं. कुणी माळी त्यासाठी वेगळा दिवस लावतो म्हणाला तर नको म्हणा.

लेप, फवारा, खत

बोर्डो पेस्ट विकत आणायची गरज नाही. इथल्या प्रत्येक पोफळीच्या वाडीत बोर्डो मिश्रण माहीत आहे. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात एका प्लॅस्टिकच्या डब्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात दुसऱ्या डब्यात. चुना निवला की दोन्ही एकत्र ओतून ढवळा. लोखंडी भांडं वापरू नका. चाकूचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा घाला. हा लिटरभर लेप ब्रशने सगळ्या तोंडांना लावायला पुरून उरतो. त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरायचा. खर्च ऐंशी रुपये.

बुरशीनाशक घेताना सर्वांत लहान पाकीट घ्या. वीस झुडपांना एका वेळी पाच लिटर पाणी पुरतं. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे एका फवारणीला पंधरा ग्रॅम. दुकानदार अर्धा किलोचा डबा पुढे करतो, तो मुदत संपेपर्यंत तुमच्याकडून संपणार नाही. मी शंभर ग्रॅम शंभर रुपयांना घेतलं. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं शंभर ग्रॅमचं पाकीट एकशेदहाला, ते लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी आलटून पालटून. कडुनिंबाचं तेल एकशेवीसला, फुलकिडे आणि मावा दिसला तर. औषध कधीही सुटं, पिशवीत बांधून दिलेलं घेऊ नका. लेबल, बॅच क्रमांक आणि मुदत असलेलं बंद पाकीट आणि पक्कं बिल, हे कीटकनाशकांच्या कायद्याने तुमचं आहे. फवारताना नाकाला रुमाल बांधा, वाऱ्याकडे पाठ ठेवा, आणि त्या दिवसांत पाकळ्यांचा गुलकंद करू नका.

खताचा भाग सर्वांत मोठा. छाटल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोडापासून वीतभर लांब आळं करून झाडामागे अर्धं घमेलं, म्हणजे पाचेक किलो, चांगलं कुजलेलं शेणखत, दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड आणि शंभर ग्रॅम हाडांचं खत. वीस झाडांना शंभर किलो शेणखत लागलं. पंचवीस किलोच्या चार गोण्या दोनशेप्रमाणे आठशे रुपये. पेंड चार किलो दोनशेला, हाडांचं खत दोन किलो एकशेवीसला. शेणखत हातात घेऊन वास घ्या. उग्र वास आला किंवा गरम लागलं तर ते कच्चं आहे. कच्च्या खताने पुळणवट जमिनीत वाळवी येते आणि वाळवी मुळाशी पोचली की झाड वाचत नाही. युरिया थळच्या कारखान्यात, आपल्या दाराशी तयार होतो, म्हणून सढळ हाताने घालण्याची सवय इथे आहे. गुलाबाला तो या वेळी नको. लुसलुशीत फूट येते आणि फुलकिड्यांना मेजवानी होते.

एकूण बेरीज : खत, पेंड, लेप, औषधं मिळून 1530 रुपये. अवजारं 1200. स्वतः छाटलं तर पहिल्या वर्षी 2730, झाडामागे एकशेछत्तीसच्या आसपास. माणूस लावला तर 3430. दुसऱ्या वर्षी अवजारं असतात, औषधंही थोडी उरलेली असतात. मला साधारण साडेबाराशे लागले, माणसाचे सातशे वेगळे. पाच-सहाच झाडं असतील तर माणूस बोलावू नका, एक सकाळ द्या. चाळीसच्या वर असतील तर दोन फेऱ्यांचा ठरीव सौदा परवडतो.

मुंबईत राहून किहीमला घर ठेवणाऱ्यांनी या बेरजेत एक रक्कम आणखी धरावी : छाटणीनंतरचे पन्नास दिवस एक दिवसाआड पाणी घालणाऱ्याची. इथल्या वाळूत तुषार-ठिबक काही नसेल तर माणूसच हवा. शनिवारी येऊन दोन बादल्या ओतल्याने मधले पाच दिवस भरून निघत नाहीत. हे जमणार नसेल त्या वर्षी छाटणी हलकी ठेवा. अर्धवट सांभाळलेल्या खोल छाटणीपेक्षा ती सुरक्षित आहे.

पैसे कुठे घालू नयेत

माडाच्या आणि आंब्याच्या दाट सावलीतल्या गुलाबावर काहीही खर्च करू नका. त्याला दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं. ते नसेल तर कितीही छाटा, उंच, बारीक काड्या आणि वर एखादं फूल. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली कितीतरी झाडं आडवी केली. माझ्या मागच्या अंगणातला आंबा गेला, त्याचं दुःख अजून आहे. पण त्या मोकळ्या उन्हात हलवलेले चार गुलाब, जे वर्षानुवर्षं रडत होते, ते पहिल्याच हिवाळ्यात भरून आले. सावलीतलं झाड छाटणीच्या वेळीच मातीच्या गोळ्यासकट उन्हात हलवा, ती मजुरी वाया जात नाही.

दुसरी जागा म्हणजे खारं पाणी. समुद्राजवळच्या विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. पानांच्या कडा करपायला लागल्या की लोक बुरशी समजून औषध मारत राहतात. आधी विहिरीचं पाणी चाखा. शंका असेल तर मातीचा आणि पाण्याचा नमुना तपासून घ्या. रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र, दोन्हीकडे यातली जाणकार माणसं आहेत. तपासणीला जे लागतं ते चार फवारण्यांपेक्षा कमीच. पाणी खारट निघालं तर गुलाब कुंड्यांत घेऊन पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी घाला, आणि जमिनीत मोगरा लावा.

‘रोझ स्पेशल’ नावाच्या रंगीत गोळ्या, मुळं वाढवणारी द्रव्यं, चमकदार पानांचा स्प्रे यांवर मी दोन वर्षांत आठशे रुपये घातले. शेणखताची गोणी घेतलेल्या झाडात आणि गोळ्या घातलेल्या झाडात फरक दिसला तो शेणखताच्या बाजूनेच.

काम बिघडलं तर

संस्थेला पैसे दिले असतील तर निम्मे आधी आणि निम्मे पंधराव्या दिवसाच्या फेरीनंतर, असं ठरवा. तोवर नवी लालसर फूट सगळ्या काड्यांवर दिसायला हवी. ज्या काडीवर डोळा फुगलेला नाही आणि टोक काळं आहे तिचा फोटो तारखेसह काढून ठेवा. बिल, ठरावाचा कागद आणि फोटो असतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. रोजंदारीवर आलेल्या माणसाशी मात्र हे करू नका. तिथे शेजारी उभं राहून पहिली दोन झाडं एकत्र छाटणं, हीच पावती.

चोंढीच्या बाजारात नवरात्रातच माणूस सांगून ठेवा. दिवाळी आली की बंगल्यांच्या रंगरंगोटीला आणि लॉनला सगळे हात गुंततात, आणि जो हात उरतो त्याच्याकडे बहुधा मेंदी कापायची मोठी कात्री असते.